लाल शेपट्यांचा वाली

लाल शेपटीचा सात नंबरचा उंदीर अकरा सेकंदांत भुलभुलैयातून बाहेर आला आणि ताईचं डोकंच फिरलं. त्याने इतक्या लवकर यायलाच नको होतं!

ताई प्रयोगशाळेत तीन वर्षं एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागली होती. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन निरोप पोचवतं. मन थाऱ्यावर ठेवतं, शिकलेलं टिकवतं. एक न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मेंदूतलाच प्रथिनासारखा छोटा रेणू, त्याला हातभार लावतं, असं तिचं म्हणणं. म्हणून शेपट्या रंगवून निळ्यांना न्यूरोपेप्टाइड टोचायचं, लालांना नुसतं मिठाचं पाणी. निळे हुशार नि खुशीत, लाल यथातथा, असं दिसलं की पीएच.डी.ची पदवी हातात. गुरुवारी समितीपुढे आकडे मांडायचे होते, मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. आणि हे मेले लाल निळ्यांच्या नाकावर टिच्चून पळत होते!

तिने सुया बदलल्या, बाटल्या तपासल्या, घड्याळावरसुद्धा संशय घेतला. शेवटी मंगळवारी सकाळी आठलाच प्राणिघरात धडकली. तिथे उंदरांची देखभाल करणारे काका सात नंबरला तळहातावर घेऊन बसले होते.

"घाबरायचं नाही हं राजा. डावीकडे वळ, झालं!"

"काका! हे काय चाललंय?"

"निळ्यांना औषध मिळतं, ताई. हे बिचारे फुकट सुई टोचून घेतात. पोटात तुटतं हो. म्हणून रोज थोड्या गप्पा, चिमूटभर बिस्कीट."

"फक्त लालांनाच?"

"निळ्यांची काळजी तुम्ही घेताच की!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षांचा पार बोऱ्या वाजला होता. रडावं की काकांना पिंजऱ्यात कोंडावं, तिला कळेना.

गुरुवारी तिने समितीला सगळं खरंखरं सांगून टाकलं. नेहमी पेंगणारे अध्यक्ष खडबडून जागे झाले.

"म्हणजे तुमचे काका न्यूरोपेप्टाइडच्या तोडीस तोड आहेत? मग तेच तपासा! नवे उंदीर घ्या. निळ्यांना औषध, लालांना काका. सहा महिने दिले. पण ही शेवटची मुदत!"

ताईने काकांना दहादा बजावलं, "सकाळी आठ वाजता, सात मिनिटं, फक्त लाल. निळ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या पदवीचा प्रश्न आहे!"

"बघतोय कशाला!"

सोमवारी आठ वाजता ताईने दार उघडलं. काकांच्या तळहातावर निळी शेपटी.

"काका!!"

"रागावू नका, ताई. लालांशी बोलायचा आता हुकूमच आहे. मग या निळ्यांना कोण?"

ताई मटकन खाली बसली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. काकांनी निळ्याला अलगद पिंजऱ्यात सोडलं, हात धुतले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"बोला. चेहरा किती उतरलाय. तुम्हाला तर कुठल्याच गटात घातलेलं दिसत नाही."

ताई बोलायला लागली, ती चाळीस मिनिटं थांबलीच नाही.