गोठोस्करांची टिटवी

माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा पेढा गोठोस्करांनी खाण्यापूर्वी जोखला होता. शर्टाच्या वरच्या खिशातून त्यांनी सराफाकडे असतो तसा तळहाताएवढा वजनकाटा काढला, टीपॉयवर ठेवला, त्यावर पेढा ठेवला, आकडा पाहिला आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "सर, ह्या एवढ्या वजनात माझं अख्खं विमान उडतं." माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी तोंडाशी नेलेला पेढा नकळत खाली ठेवला. गोठोस्करांनी मात्र आपला पेढा खाल्ला आणि आणखी एक मागितला. तो जोखला नाही. "पहिल्यावरून अंदाज आला," असे त्यांनी व्याह्यांना समजावून सांगितले.

मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. आधी व्याख्या, मग आकृती, मग सिद्धता, हा क्रम अजून सुटत नाही. तेव्हा आरंभ व्याख्येने करतो. गोठोस्कर म्हणजे घणसोलीतील आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ. रबाळ्याच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली. कोणताही काटा शून्यावर आल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. आमच्या जिन्यातले भिंतीवरचे घड्याळ ते येता-जाता सरळ करतात, आणि ते सरळच असेल तर किंचित निराश होतात.

त्यांचे विमान म्हणजे दुकानातले खेळणे नव्हे. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून चिकटवलेला पतंगाचा कागद आणि पोटात रबराची लांब पट्टी. पुढचा पंखा बोटाने उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि विमान हवेत सोडायचे. पीळ उलगडतो, पंखा फिरतो, विमान चढते. ह्या प्रकाराला फ्री फ्लाइट म्हणतात. एकदा हातातून सुटलेल्या विमानावर कोणाचाही अधिकार उरत नाही. म्हणून त्याची घडणच अशी करावी लागते की ते हवेत आपला तोल आपणच सावरील. कलले तर सरळ होईल, नाक वर गेले तर खाली आणील. "संस्कार जमिनीवर करायचे, सर," गोठोस्कर म्हणतात. "वर गेल्यावर उपदेशाचा उपयोग नाही." मी हे वाक्य पालकसभेत वापरले असते तर फार बरे झाले असते.

अशा विमानाला दोन माणसे लागतात, एक सोडणारे आणि दुसरे मागे धावणारे. सोडण्याचे काम गोठोस्करांचे होते आणि धावण्याचे त्यांच्या पत्नीचे, शालिनीबाईंचे. बाई शाळेत खो-खो खेळलेल्या. सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी, खाडीवरचा वारा उठण्यापूर्वी, हा कार्यक्रम चाले. गोठोस्कर जागचे न हलता ओरडत, "डावीकडे, शालू, डावीकडे!" आणि ओढणी कमरेला बांधून धावता धावता बाई उत्तर देत, "दिसतंय हो! डोळे मलाही दिलेत देवानं!" मैदानाच्या टोकाला पाण्याचा जाड पाइप आहे आणि त्यापलीकडे खारफुटी. तिथल्या चिखलातूनही त्यांनी विमाने काढून आणलेली आहेत. गोठोस्करांना धावताना मी कधीही पाहिले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी शालिनीबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. "जीभ तेवढी शाबूत ठेवली देवानं," त्या म्हणतात. "नाहीतर ह्यांना चुका कोणी दाखवल्या असत्या?" चाकाच्या खुर्चीत बसून त्या घर चालवू लागल्या, फोनवर भाजीवाल्याशी घासाघीस करू लागल्या, पण मैदानावर यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. माझ्या पत्नीने आग्रह केला, मीही केला. "बघ्यांत बसायला मी येणार नाही, सर. काम असेल तर सांगा." गोठोस्करांनी हे वाक्य मला जिन्यात पुन्हा ऐकवले. "काम असेल तर येते म्हणाली," ते म्हणाले, आणि घड्याळ सरळ न करताच खाली उतरले.

त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी फ्री फ्लाइटच्या विमानांना रेडिओ बसवण्याचे मनावर घेतले. रबर काढून तिथे नखाएवढी मोटर आणि बॅटरी बसवायची. शेपटीवरचे उभे पान कापून बिजागरीने हलते करायचे. आणि हातातल्या रिमोटने मोटरची गती कमीजास्त करायची व ते पान डावी-उजवीकडे वळवायचे. मोटर आली कोणाच्या तरी मोडक्या खेळण्यातल्या ड्रोनमधून, पान ओढायला लोहचुंबक आले जुन्या इयरफोनमधून. ती ओढ पानापर्यंत न्यायला बारीक, ताठ आणि वजनहीन काडी हवी होती. ती खराट्यातून आली. "सर, तुम्हीच सांगा ह्यांना," शालिनीबाईंनी मला न्यायाधीश नेमले. "दोन हजार काड्यांतली एकच सरळ सापडते म्हणे. माझा खराटा टकला झाला, विमानाला मात्र अजून एक मिशी फुटली नाही."

ह्या काळात गोठोस्करांचे वजनवेड शिगेला पोहोचले. बॅटरीवरचे लेबल ते नखाने खरवडत, गोंद टाचणीच्या टोकाने लावत. त्यांचे लाडके सूत्र होते, "शेपटीतला एक ग्रॅम नाकात तिप्पट होतो." शेपटी लांब आणि नाक आखूड. सी-सॉच्या लांब टोकावर लहान मूल बसले तर आखूड टोकावर धिप्पाड काका बसवावे लागतात, तसे शेपटीच्या जरा जास्त वजनासाठी नाकात कितीतरी भर घालावी लागते. हे सूत्र ते कुठेही लावत. सोसायटीच्या सभेत गच्चीवर दिव्यांची कमान बसवण्याचा ठराव आला, तेव्हा ते उभे राहून एवढेच म्हणाले, "शेपटीतला ग्रॅम आहे. नाकात तिप्पट होईल." आमचे सेक्रेटरी म्हात्रे मूळचे इथल्या गावातले. त्यांनी माझ्या कानात विचारले, "सर, हा ठरावाच्या बाजूनं हाय का इरोधात?"

एकदा मी सरळ प्रश्न केला, "बाजारात तयार रेडिओची विमाने मिळतात. ती का घेत नाही?"

"रेडीमेडला दोन हात लागतात, सर," ते म्हणाले आणि पुन्हा गोंदाकडे वळले.

मी हे उत्तर विनोद समजून हसलो. इथे माझा तर्क चुकला, आणि पुढे कित्येक महिने चुकतच राहिला.

कारण आता एक नवीन चमत्कार सुरू झाला होता. गोठोस्करांचा उजवा हात नाहीसा झाला. म्हणजे तो खिशात गेला आणि खिशातच राहिला. मैदानावर ते रिमोट पोटाशी धरून सगळे डाव्या अंगठ्याने करू लागले. चहा डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, कॅरमही डाव्या हाताने. म्हात्रे त्यांचे कॅरममधले भिडू.

"काका, गेली ना क्वीन! उजव्याला काय लागलं हाय का?"

"नाही. विश्रांती दिली आहे."

"मग मलाबी द्या विश्रांती, दुसरा भिडू बघा!"

मी निरीक्षणे गोळा केली. हाताला दुखापत नव्हती. गॅसचा सिलिंडर त्यांनी उजव्या हाताने आत ओढलेला मी पाहिला होता. नवस म्हणावा तर गोठोस्कर देवाच्या प्रसादाचेही वजन करणारे. उजव्या हाताचे वजन वाचवण्याचा हा प्रयत्न असावा, अशी एक शंका मला आली होती हे आता लिहायला हरकत नाही. त्यांना विचारले की एकच उत्तर मिळे, "प्रयोग चालू आहे."

शेवटी पाळी आली टिटवीची. टिटवी हे त्यांचे सर्वांत जुने विमान. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केलेले, पिवळ्या कागदाचे. त्यावर शालिनीबाईंनी वेळोवेळी लावलेली लाल, हिरवी, जांभळी ठिगळे आहेत. तिची शेपटी कापायची म्हणून गोठोस्करांनी नवे ब्लेड आणले. मी समोर होतो. शालिनीबाई खुर्ची पुढे घेऊन आल्या.

"कापा. पण तिची डावीकडे वळायची खोड मोडू नका."

"अगं, ती खोड मी मुद्दाम ठेवली होती. सोडलेलं विमान घिरट्या घालत जवळच उतरावं म्हणून. आता रेडिओ वळवेल. खोड कशाला?"

"मी तिच्यामागे धावलेय. तुम्ही नाही."

पण वाकडा काटा पाहून गप्प बसणे गोठोस्करांच्या रक्तात नव्हते. शेपटीचे पान त्यांनी बरोबर मध्यावर, शून्यावर बसवले.

रविवारी सकाळी आम्ही दोघेच मैदानावर गेलो. टिटवी सुटली, सुंदर चढली आणि सरळ निघाली. गोठोस्करांचा डावा अंगठा धडपडत होता, उजवा हात खिशात मूठ वळत होता. "उजवा हात काढा!" मी वर्गात ओरडावे तसा ओरडलो. त्यांनी काढला नाही. वारा पाठीमागून होता. टिटवी पाइप ओलांडून खारफुटीत दिसेनाशी झाली.

गोठोस्करांनी रिमोट काखेत धरला. मग त्यांनी घरी फोन लावला. "शालू, टिटवी गेली."

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "खोड मोडलीत ना?"

"हो."

"वारा कुठून होता?"

"मागून."

"मग पाइपाच्या डाव्या अंगाला ती बुटकी झाडं आहेत ना, तिथे जा. वर नका बघू, खाली बघा. ती पानांत नाक खुपसून बसते. आणि चपला काढा, चिखलात राहतील."

टिटवी तिथेच, तशीच बसली होती. गुडघाभर चिखलातून बाहेर आल्यावर गोठोस्करांनी ती काट्यावर ठेवली आणि खिन्नपणे म्हणाले, "सर, विमानापेक्षा चिखल जड आहे." चपला मात्र चिखलात राहिल्या. त्यांच्या नव्हे, माझ्या. सूचना त्यांना होती, मला नव्हती, असे मी समजलो होतो.

संध्याकाळी मी चौकशीला गेलो. टिटवी पुसून टेबलावर ठेवली होती, आणि शेपटीचे पान पुन्हा किंचित डावीकडे झुकलेले होते. जिन्यातले घड्याळ सरळ करणाऱ्या माणसाने एक वस्तू हाताने वाकडी केली होती.

"शालू, मला जमत नाही," गोठोस्कर म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. "तिच्या खोडी मला ठाऊक नाहीत. तुला आहेत. उडवणारं माणूस पाहिजे. काम आहे. येशील?"

शालिनीबाईंनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिले. "चेष्टा करताय का? एका हातानं विमान उडतं?"

"उडतं. मी एकाच हातानं उडवतोय. मोटर आणि शेपटी, दोन्ही रिमोटच्या डाव्या दांडीवर घेतलंय. तोल ती स्वतः सांभाळते, आपण फक्त वळवायचं. दांडी सोडून दिलीस तरी पडणार नाही. पाहिलंय मी. शंभरदा पाहिलंय."

सिद्धता इतके महिने माझ्यासमोर फळ्यावर लिहिलेली होती. मला फक्त शेवटची ओळ वाचता आली नव्हती.

शालिनीबाईंनी डाव्या हाताने टिटवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "म्हणजे कॅरम हरत होता तो ह्याच्यासाठी?"

"नाही," गोठोस्कर प्रामाणिकपणे म्हणाले. "कॅरम मी उजव्या हातानंही हरतो."

पुढच्या रविवारी खुर्ची लिफ्टने खाली आली. मैदानाच्या ढेकळांवरून ती ढकलायला म्हात्रे आले होते. बाईंनी ओढणी कमरेला बांधली होती. बसूनच, पण घट्ट. रिमोट मांडीवर, डावा अंगठा दांडीवर. गोठोस्करांनी टिटवी डोक्यावर धरली. "देऊ?"

"द्या. आणि ओरडू नका."

टिटवी चढली. पहिल्या वळणाला बाईंचा अंगठा घाबरला आणि त्यांनी दांडी सोडूनच दिली. टिटवी डुलली, सरळ झाली आणि आपल्या खोडीप्रमाणे सावकाश डावीकडे वळून आमच्याकडे आली. बाईंनी अंगठा पुन्हा ठेवला. मग एक घिरटी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या घिरटीला विमान अगदी आमच्या डोक्यावर असताना त्यांनी ते वळवले आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाइपाच्या अलीकडे, अलगद गवतात उतरवले.

"अहो, गेली!" त्या ओरडल्या. "डावीकडे! धावा!"

आणि गोठोस्कर धावले. कोपर बाहेर काढून, चपला फटफटवत, एका हाताने शर्टाचा खिसा दाबून. म्हात्रे तोंडाला रुमाल लावून दुसरीकडे पाहू लागले.

"वहिनी," मी हळूच विचारले, "इथे जवळच उतरवता आली असती ना?"

"आली असती की," शालिनीबाई म्हणाल्या. त्यांची नजर त्या पाठमोऱ्या, हेलकावत जाणाऱ्या आकृतीवर होती. "पण तीस वर्षं मी धावले, सर. हे मागून कसे दिसतात ते कधी बघायलाच मिळालं नाही."

गोठोस्कर धापा टाकत परत आले. टिटवीच्या पंखाला गवताची एक काडी चिकटली होती. नेहमीप्रमाणे आता काटा निघणार म्हणून मी त्यांच्या खिशाकडे पाहिले. त्यांनी टिटवी काडीसकट बाईंच्या मांडीवर ठेवली.

"जोखणार नाही?" मी विचारले.

"आता कशाला?" ते म्हणाले, आणि घाम पुसून पुन्हा मैदानाच्या त्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले.