सहलीपूर्वी पाळावयाच्या एकेचाळीस सूचना

प्रवासात धोका असतो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. म्हणून साठी उलटलेल्या माणसाने प्रवास शक्यतो घरी बसूनच करावा, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. आमची पोलादपूरची ज्येष्ठ सुखप्रवास समिती याच पायावर उभी आहे. (मी तिचा चिटणीस. पद मानाचं आहे. झेरॉक्स मलाच काढाव्या लागतात.)

समितीचे अध्यक्ष भिकाजीराव महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सव्वीस वर्षं सुरक्षा पर्यवेक्षक होते. त्यांच्या काळात तिथे कोणाचं बोटसुद्धा कापलं नाही, असं ते सांगतात. निवृत्तीनंतर ती सगळी दक्षता आमच्या वाट्याला आली. गेल्या दिवाळीनंतर सभासदांनी महाबळेश्वरला एक दिवसाची सहल ठरवली. आंबेनळी घाट चढून गेलं की झालं, अंतर चाळीसेक किलोमीटर. भिकाजीरावांनी तयारीला अकरा महिने मागून घेतले.

पहिल्या महिन्यात एकेचाळीस सूचनांचं पत्रक निघालं. गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात. खिडकीशी बसू नये (वारा). खिडकीपासून लांब बसू नये (मळमळ). घाटात दरीकडे पाहू नये. पाहिल्यास डोळे मिटून घ्यावेत. मग उभ्या टेम्पोत चढण्या-उतरण्याची रंगीत तालीम झाली. त्यात एकाचा गुडघा दुखावला, त्यामुळे तालमीची गरज आपोआप सिद्ध झाली. कार्यालयाबाहेर 'विनाअपघात प्रवासाचे दिवस' असा फलक लागला आणि आकडा रोज एकेकाने वाढत तीनशेच्या पुढे गेला. कोणी कुठे गेलेलं नव्हतं, हे खरं. पण कारखान्यातसुद्धा असे आकडे संपाच्या काळातच चांगले येतात.

सूचना क्रमांक एकोणतीस होती मुलांच्या लेखी संमतीपत्राची. सत्तावीस सभासदांपैकी चौघांनाच ते मिळालं. चौघांतल्या तिघांना डॉक्टरांनी नको म्हटलं. उरलो मी. (माझ्या मुलाने कुठे जायचंय हे न विचारताच सही केली.) या अकरा महिन्यांत दोन सभासद वारले, दोघंही आपापल्या अंथरुणात. भिकाजीरावांनी नोंद केली, 'प्रवासाशी संबंध नाही.'

आमच्या सभासद ठकूबाई या एकोणतीसवरच अडकल्या. वय अठ्ठ्याहत्तर, घर उमरठजवळच्या वाडीत. त्यांचे यजमान भागोजी घाटरस्त्याच्या कामावर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. महाबळेश्वरचा डोंगर ठकूबाईंनी जन्मभर खालून पाहिला, वर कधी गेल्या नाहीत. मुलगा किशोर नालासोपाऱ्याला असतो. त्याने फोनवर घाट, थंडी आणि आईचा दम अशी तीन कारणं दिली आणि गाडी घेतली की स्वतः नेईन, असं कबूल केलं.

"सातवीत व्हता तवा त्याच्या शाळेची सहल दर्याव गेली," ठकूबाई मला म्हणाल्या. "मला काय भ्याव वाटला नाय? तरी अंगठा दिला ना मी."

हे मी इतिवृत्तात 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली घेतलं.

अकरावा महिना संपला तेव्हा अधिक तयारीसाठी सहल पुढे ढकलण्यात आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ठकूबाई पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसल्या. बरोबर आमचेच सभासद लतीफभाई आणि त्यांच्या पत्नी साजिदाबी. लतीफभाईंनी एकोणीस वर्षं सौदीत ट्रेलर चालवला आहे; सून नाझिया त्यांना ब्लडप्रेशरमुळे नाक्यापर्यंतही एकटं सोडत नाही.

पुढचं मला साजिदाबींनी सांगितलं. घाटात दरड येऊन गाडी सव्वा तास अडकली. लतीफभाई खाली उतरून दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हातवारे करत वाट काढून देऊ लागले आणि सगळे चालक त्यांचं ऐकू लागले. ठकूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीच्या चटणीची शिदोरी सोडली. कंडक्टरने दोनदा घेतली. साजिदाबींच्या गोळ्यांच्या दोन्ही पिशव्या घरी राहिल्याचं वर पोचल्यावर लक्षात आलं.

कड्यावर उभं राहून ठकूबाई आपली वाडी शोधू लागल्या. ती काही केल्या सापडेना. शेवटी लतीफभाईंनी नदीच्या वळणावरून बोट फिरवत फिरवत दाखवली.

"आमचं माणूस सांगायचं, वरनं आपलं घर दिसतं," ठकूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, थापा मारतंय."

संध्याकाळच्या गाडीने तिघंही परतले. दम कोणालाच लागला नव्हता.

साहजिकच चौकशी बसली. एकेचाळीसपैकी अडतीस सूचनांचा भंग सिद्ध झाला. उरलेल्या तीन उलटीबद्दल होत्या आणि ती कोणी केलीच नाही. ठकूबाई समोर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. प्रश्नावली संपली तसं भिकाजीरावांनी पेनाला टोपण लावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, की वर थंडी फार होती का.

"शाल घेतली की झाला," ठकूबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी नाय गेलात?"

सव्वीस वर्षं कंपनीची बस भिकाजीरावांना रोज महाडकडे नेत होती. घाट उलट्या दिशेला पडतो. त्यांनी समोरच्या चार शेंगा उचलल्या, सोलल्या आणि न खाता टेबलावर ठेवल्या.

समितीने तिघांना समज दिली आणि बेचाळिसावी सूचना जोडली: 'विनापरवानगी सुखरूप परत येऊ नये.'

पत्रकाची कीर्ती मात्र दूरवर गेली. मुंबई, ठाणे, पुणे इथून आजवर एकशे चौऱ्याऐंशी जणांनी ते मागवलं. चिटणीस या नात्याने मी वही तपासली. साठीच्या वरचा अर्जदार एकही नाही. सगळे मुलं, मुली, सुना, जावई. तुमचंही पत्र मिळालं. आई कुठेतरी जायचं म्हणते आहे, तिला थांबवायला यातली कोणती सूचना दाखवावी, असं तुम्ही विचारलं आहे.

कोणतीही दाखवा. आई आहे, ऐकेल.