सगळेच छत्तीस वर्षांचे

"खानदेशचे आद्य आणि अंतिम गुप्तहेर! ज्यांच्या नुसत्या नजरेने कुलूप उघडते आणि गुन्हेगार घामाघूम होतो, असे श्री. यू. के. झोपे. भेटण्याची वेळ सकाळी दहा ते एक व चार ते सात. रविवारी गुन्हे घेतले जात नाहीत."

हे पत्रक कौतिकने स्वतःच्या बोटांनी टाईप केलं होतं, त्यामुळे त्यातलं किती खरं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलपाचं म्हणाल तर ऑफिसची किल्ली हरवली तेव्हा झोपेसाहेबांनी कुलपाकडे दोन तास नजर लावली होती, शेवटी चावीवाला बोलवावा लागला. घामाचं मात्र खरं होतं. मे महिन्यात जळगावात गुन्हेगारच काय, फिर्यादीसुद्धा घामाघूम होतो. यू. के. म्हणजे उखर्डू काशिनाथ. लोकांना वाटायचं साहेब विलायतेत शिकून आलेत, आणि साहेब कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत.

कौतिक त्यांचा सहायक. साहेबांचे निष्कर्ष लिहून घ्यायचे आणि दोन दिवसांनी खोडायचे, हे त्याचं मुख्य काम.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मेची. तापीकाठ वधू-वर सूचक मंडळाचे चिटणीस रतिलालभाऊ बुधवारी सकाळी धापा टाकत आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "झोपेसाहेब, घात झाला! माझे सगळे उमेदवार छत्तीस वर्षांचे झालेत!"

"सगळे?" साहेबांना एकदम ठसका लागला. कौतिकने पाणी दिलं.

"दोन हजार तीनशे चौदा! मुलं, मुली, बिजवर, सगळे! काल सकाळी धडधाकट होते. आज मशीन उघडलं तर प्रत्येकाच्या नावापुढे वय छत्तीस. रविवारी मेळावा आहे हो! शनिवारी संध्याकाळी यादी छापखान्यात गेली पाहिजे. एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे छत्तीस छापलं तर तिची आई मला जिवंत ठेवेल का?"

मंडळात दोन वर्षांपूर्वी संगणक आला होता. बसवायला आलेल्या इंजिनिअरने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की महिनाअखेरीस सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत काढायची, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी 'लॉग'ची एक फ्लॉपी काढायची. दिवसभरात काय बदललं, किती वाजता बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, सगळं ओळीने त्या लॉगमध्ये.

"म्हणजे समजा भुसावळहून गाडी सोडली," रतिलालभाऊंनी समजावलं. "पूर्ण प्रत म्हणजे भुसावळ. मग एकेक दिवसाची फ्लॉपी लावत एकेक स्टेशन घेत पुढे यायचं. आणि जिथे अपघात झाला त्याच्या एक स्टेशन अलीकडे गाडी थांबवायची. बस, सगळं जसंच्या तसं!"

"मग थांबवा की," साहेब म्हणाले.

"भुसावळ आहे हो माझ्याकडे! तीस एप्रिलची प्रत कपाटात आहे. मधली स्टेशनंच गायब झालीत. सतरा फ्लॉप्या होत्या, एक नाही ड्रॉवरमध्ये!"

"फ्लॉप्या नाही सापडल्या तर?" कौतिकने घाबरत विचारलं.

"तर काय! तीस एप्रिलची यादी छापायची. त्यानंतर ज्यांचं ठरलं, ते परत न ठरलेले."

कौतिकचं स्वतःचं लग्न नऊ मेला ठरलं होतं. मुलगी पहूरची, सुनंदा. नुसता तोंडी शब्द झाला होता, साखरपुडा जूनमध्ये होता. आणि होणारे सासरे तोताराम आबा म्हणजे छापील गोष्टीपुढे देवाचंही न ऐकणारा माणूस. "गुप्तहेराचा सहायक म्हणजे दिवसभर नेमकं करतो काय?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरितच होता. त्यात भुसावळच्या आयुध निर्माणीत कायम नोकरी असलेला एक मुलगा सुनंदासाठी एप्रिलपासून घिरट्या घालत होता. रविवारच्या यादीत तिच्या नावापुढे 'ठरले'ऐवजी 'पाहणे सुरू' छापून आलं, की सोमवारी ते लोक पहूरच्या स्टँडवर उतरणार, हे सांगायला गुप्तहेर लागत नव्हता.

"साहेब," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "या वेळी तरी लवकर सोडवा."

"कौतिक," साहेबांनी गॉगल चढवला, "लिही. छत्तीस! पत्रिकेत जास्तीत जास्त गुण किती जुळतात?"

"छत्तीस."

"आणि हाडवैर असलं की आपण कोणता आकडा म्हणतो?"

"छत्तीसचाच."

"म्हणजे गुन्हेगार लग्नं जुळवणारा आहे आणि वैरीही आहे. धुळ्याचं मंडळ!"

गुरुवारी सकाळच्या एसटीने दोघं धुळ्याला गेले. साहेबांनी विवाहेच्छू इसमाचा वेष घेतला होता, म्हणजे नेहमीच्याच शर्टाला अत्तर लावलं होतं. प्रतिस्पर्धी मंडळ एका जिन्याखाली निघालं. तिथे संगणक सोडा, टेबलाला चौथा पायही नव्हता. एका म्हातारबाबांनी चहा पाजला, साहेबांची आस्थेने चौकशी केली आणि पावती फाडून त्यांचं नाव नोंदवून घेतलं. परतीच्या वाटेवर साहेबांनी पारोळ्यापर्यंत ती पावती दोनदा वाचली. नंतर म्हणाले, "माणूस सज्जन वाटला. तीन स्थळं दाखवतो म्हणाला."

दुपारी दुसरा निष्कर्ष तयार होता. मंडळाचा शिपाई लोटन झाडू मारत असताना साहेबांनी त्याला अचानक विचारलं, "वय किती तुझं?"

"छत्तीस, साहेब."

"धरा त्याला!"

लोटनला धरलं, पण धरून करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला पाच मुलं होती, त्याला लग्नाच्या यादीत काडीचा रस नव्हता. अर्ध्या तासाने त्यानेच, "आता झाडू का?" असं विचारून स्वतःची सुटका करून घेतली.

मग साहेबांना कुंदाबाईंच्या टेबलावर एक कागद सापडला. कुंदाबाई म्हणजे मंडळाच्या कारकून, रोज अमळनेरहून रेल्वेने अपडाऊन करणाऱ्या. कागदावर लिहिलं होतं: 'वर्षाचे गहू भरणे व कुरडया करणे असल्याने बुधवारपासून रजा मिळावी.'

"सांकेतिक भाषा!" साहेब कुजबुजले. "कुरडई म्हणजे काय? गुंता! कुणीतरी आपल्याला गुंत्यात अडकवतंय. लाव फाईलला, पुरावा क्रमांक एक."

कौतिकने लावला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. शुक्रवारी सकाळी न राहवून त्याने पहूरच्या किराणा दुकानात फोन करून सुनंदासाठी निरोप ठेवला: मोठी अडचण आहे, आबांना काही कळू देऊ नका.

दुपारच्या एसटीने सुनंदाच हजर झाली. सोबत आत्या, हातात छत्री, कपाळावर घाम. तिने सगळी हकिगत उभ्याउभ्या ऐकली, पुराव्याची फाईल चाळली आणि विचारलं, "रोज फ्लॉपी कोण काढायचं?"

"कुंदाबाई," रतिलालभाऊ म्हणाले.

"मग त्यांना विचारलं का?"

रतिलालभाऊ झोपेसाहेबांकडे पाहू लागले, झोपेसाहेब कूलरकडे.

"त्या रजेवर आहेत," झोपेसाहेब सावरून म्हणाले. "घटनास्थळी गैरहजर व्यक्तीवर आम्ही संशय घेत नाही. पद्धत आहे."

"संशय नका घेऊ. फोन करा."

रतिलालभाऊंनी अमळनेरला कुंदाबाईंच्या शेजारी फोन लावला. बऱ्याच वेळाने कुंदाबाई आल्या, त्या तापलेल्याच.

"काय भाऊ, चुलीवर कुरडयांचा चीक शिजतोय माझा! फ्लॉप्या? त्या कोठीमा शेत ना बठ्ठ्या!"

"सगळ्या कोठीत? कसल्या कोठीत?"

"गहूनी कोठी! तुम्हीच तर परिपत्रक काढलं होतं. 'प्रती ऑफिसच्या इमारतीत ठेवू नयेत, दुसऱ्या गावी थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात.' खाली सही तुमची. आपलं ऑफिस पत्र्याचं, आत भट्टी. मी रोज डब्याच्या पिशवीतून घरी नेते. माझ्या घरात कोठीपेक्षा थंड न् कोरडं दुसरं काय आहे?"

रतिलालभाऊंनी फोन ठेवला आणि भिंतीवर लावलेलं ते परिपत्रक, स्वतःचंच, पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

शनिवारी सकाळच्या गाडीने कुंदाबाई आल्या. कापडी पिशवीतून सतरा फ्लॉप्या निघाल्या, त्यांच्याबरोबर मूठभर गहू आणि कडुनिंबाचा वाळका पाला. सुनंदा आदल्या संध्याकाळीच पहूरला परतली होती. कुंदाबाईंनी आधी तीस एप्रिलची पूर्ण प्रत चढवली, मग तारखेवार एकेक फ्लॉपी घातली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची उंची लग्नाच्या घाईत दोन इंचांनी वाढली. सगळा महिना डोळ्यांसमोरून परत गेला.

"थांबा," रतिलालभाऊ म्हणाले. "हे काय? तीन मे, नोंदणी क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी, वय चव्वेचाळीसचं बेचाळीस. सांगणार, स्वतः."

दहा मेला तेच गृहस्थ चाळीसचे झाले, सतरा मेला अडतीसचे.

"दर शुक्रवारी दोन वर्षांनी तरुण होतोय! कोण आहे हा?" रतिलालभाऊंनी नाव वाचलं. "झोपे, उखर्डू काशिनाथ."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटची फ्लॉपी एकवीस मेची, मंगळवारची. दुपारी एक पंचवीसला, म्हणजे कुंदाबाई डबा खायला गेल्या असताना, ओळ होती: 'वय छत्तीस. नोंदणी क्रमांक कोरा. सर्व नोंदी बदलायच्या? हो.'

"सुरक्षा पाहणीला आलो होतो," साहेब घसा खाकरून म्हणाले. "मशीनने विचारलं, हो का नाही. मी जन्मात कधी माघार घेतलेली नाही. मला वाटलं आपली एकट्याचीच नोंद. म्हणून तर म्हणत होतो, कुणीतरी माझ्या वयाची नक्कल करतोय!"

"अहो पण तुमचं वय चव्वेचाळीस आहे!"

"ते कागदोपत्री."

कुंदाबाईंनी गाडी एक चोवीसवर थांबवली. दोन हजार तीनशे चौदा माणसं आपापल्या वयांवर परतली, साहेब अडतीसवर. ती वयं तरी खरी होती का, हा या तपासाचा विषय नव्हता. मंगळवार दुपारच्या उरलेल्या चार नोंदी कुंदाबाईंनी हाताने भरल्या.

कौतिकला मात्र साहेबांच्या वयाशी देणंघेणं नव्हतं. फ्लॉप्या चालू असताना त्याने आणखी तीन ओळी वाचल्या होत्या. नऊ मे: सुनंदा तोताराम, ठरले. चौदा मे: ठरलेचं पाहणे सुरू, सांगणार, वडील. सोळा मे: पाहणे सुरूचं परत ठरले, सांगणार, स्वतः.

नुसती यादी पाहिली असती तर 'ठरले' एवढंच दिसलं असतं. मधले दोन दिवस त्याचं लग्न मोडलेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याचे डोळे भरून आले, त्याचा दोष त्याने कूलरच्या वाऱ्यावर ढकलला.

यादी वेळेवर छापली गेली. रविवारी मेळाव्यात तोताराम आबांनी चष्मा लावून सुनंदाचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि कौतिकच्या पाठीत थाप मारली. "छापून आलं म्हणजे पक्कं. मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

आबा जेवणाच्या रांगेकडे वळल्यावर कौतिक सुनंदाजवळ गेला.

"सोळा तारखेला तुम्ही एकट्या आला होतात," तो म्हणाला.

सुनंदा लाल झाली. "कुंदाबाईंना बजावलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून!"

"त्या काहीच बोलल्या नाहीत. लॉगमध्ये होतं." मग त्याने हळूच विचारलं, "आबांनी मोडलं, तेव्हा मला का नाही कळवलंत?"

"तुम्हाला कळवून काय झालं असतं?" सुनंदा हसू दाबत म्हणाली. "तपासच केला असतात ना?"