भिकन नावाड्याचं तुम्ही काय केलं?

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी होतं आणि गुरुवारी सकाळी अकोल्याहून फोन आला, की भिकनला फाशी झाली.

फोन सुभद्राबाईंनी घेतला. राजापेठेतल्या त्या घरात अंकुरचा फोन नेहमी त्याच्या आईच्याच हाताशी असतो. त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला आणि ओरडल्या, "अंकुर! तुह्या सासरी कोनाले तरी फाशी झाली म्हनते!"

अंकुर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "कोनाले?"

"भिकनले. कोन व्हय हा? वर्षालीचा काका व्हय का? सुतक लागते का मंग आपल्याले? हारवाल्याले काय सांगू मी?"

अंकुरने फोन घेऊन वर्षालीचं ऐकून घेतलं. "आई, तो खेळातला हाय."

"खेळाडू व्हय?"

"नावाडी व्हय. कॉम्प्युटरच्या खेळातला."

"असं सांग ना बाप्पा," म्हणत सुभद्राबाईंनी गॅस पुन्हा पेटवला.

त्यांची काळजी मिटली, तिथून अंकुरची सुरू झाली. खेळ त्यानेच सुचवला होता आणि त्यात नावाडी आहे हे त्याला आत्ता कळत होतं.

अंकुर टॅलीच्या क्लासमध्ये शिकवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना गेम सुचवायचा. नुसत्या गोळीबाराचे नाहीत. ज्यात गोष्ट असते, तुम्ही त्यातलं एक पात्र होता, गावोगाव हिंडता, लोकांशी बोलता आणि मधेच असा एखादा निर्णय घेता की नंतर जेवण जात नाही. तेही गाजलेले नाहीत. कोणी नावही ऐकलं नाही असेच. गेमवाल्यांच्या ग्रुपवर त्याच्या शब्दाला वजन होतं. "हा गेम जगाने दुर्लक्षला, आपण नको," असं त्याने लिहिलं की शंभर अंगठे यायचे.

तो स्वतः ते पूर्ण खेळायचा का?

पहिलं गाव फिरून झालं की बंद करायचा. कोणीच न खेळलेल्या गेमची एक सोय असते. तुम्हीही खेळला नाहीत, हे सांगायला कोणी येत नाही.

वर्षालीचे वडील खुशालराव फळांचे अडते. स्कूटरवरून पडून पाय प्लास्टरमध्ये गेला आणि ते घरात सगळ्यांवर भाव ओरडू लागले, तेव्हा वर्षालीने अंकुरला विचारलं, "बाबांले बसल्या बसल्या काही सुचव ना." अंकुरने 'नदीपार' सुचवला. इंदूरच्या दोघातिघांनी केलेला, हिंदीतला. आपण त्याबद्दल ग्रुपवर लिहिलेलं चार ओळींचं परीक्षणही त्याने सोबत पाठवलं. त्याचा शेवट होता : "नदीकाठच्या त्या प्रसंगाने डोळ्यांत पाणी आलं." अंकुर नदीपर्यंत गेलेला नव्हता. पहिल्याच गावातल्या विहिरीवर एक म्हातारी "पहले बाल्टी लाओ, बेटा" म्हणाली, ती बादली सापडली नाही, म्हणून त्याने खेळ बंद केला होता. पण नाव 'नदीपार' आहे म्हणजे पुढे नदी असणार आणि नदीवर कोणीतरी रडणार, हा त्याचा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. घोळ तिथेच झाला.

"झालं काय नेमकं?" त्याने वर्षालीला विचारलं.

"काय होते? बाबांले खेळ आवडला. त्यायनं घरच्या ग्रुपवर टाकला, 'जवाईबुवांनी सांगतलेला खेळ, सर्वांनी खेळावा' म्हनून. मोझरीले मोठ्या बाबांनी बी खेळला. बाबांनी नावाड्याले लपवला. मोठ्या बाबांनी त्याले धरून देला. आता दोघं भाऊ बोलत नाही एकमेकासंगं."

प्रकरण असं होतं. दुष्काळात भिकन नावाडी राजाच्या कोठारातलं धान्य चोरून गावाला खाऊ घालतो. शिपाई येतात. भिकन उलट्या नावेखाली बसलेला तुम्हाला एकट्याला माहीत असतं. लपवलात, तर शिपाई गाव जाळतात. धरून दिलात, तर गाव वाचतं आणि भिकन फासावर जातो. खुशालरावांनी गाव जाळून घेतलं होतं. त्यांचे थोरले बंधू सहदेवराव, मोझरीचे भाजीवाले शेतकरी, यांनी गाव वाचवलं होतं.

"मोठे बाबा म्हनते, ज्या घरात चोर लपवते त्या घरच्या साक्षगंधाले मी येत नाही. बाबा म्हनते, ज्या हातानं भिकनले फासावर देलं, तो हात माह्या पोरीच्या कपाळाले लागनार नाही."

साक्षगंधात मुलीला पाटावर बसवून कुंकू लावण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. थोरले सहदेवराव. म्हणजे ते आले नाहीत तरी पाट रिकामा, आले तरी रिकामा.

"मंग?" अंकुरने विचारलं.

"मंग मी तोड काढली. म्हटलं, ज्यानं खेळ सांगतला त्यालेच विचारा. दोघंबी मानले. रविवारी, पाटावर बसाच्या आंधी, सगळ्याइसमोर तू सांगजो तू काय केलं होतं. जवाईबुवा सांगन ते खरं." मग आवाज खाली करून तिने विचारलं, "काय केलं होतं तू?"

अंकुरपुढे तीन उत्तरं होती.

लपवला होता. (सासरे खूश. मोठे बाबा उठून मोझरीला. साक्षगंध नाही.)

धरून दिला होता. (मोठे बाबा खूश. सासरे प्लास्टरसकट अंगावर. साक्षगंध नाही.)

मी विहिरीच्या पुढे गेलोच नाही. (याचा परिणाम कंसात मावणार नाही.)

"नीट आठवत नाही," तो म्हणाला.

"डोयात पानी आलं म्हनून लिवलं ना तू? बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्याइले."

शुक्रवारी त्याने इंटरनेट धुंडाळलं. भिकनला लपवूनही गाव वाचवण्याची एखादी युक्ती असेल, कोणीतरी लिहिली असेल. 'नदीपार'वर जगभरात एकच मजकूर निघाला. तो त्याचाच होता. त्याने स्वतःचं परीक्षण दोनदा वाचलं. काही उपयोगाचं नव्हतं.

मग त्याने ग्रुपवर विचारलं, "नदीपार कोणी पूर्ण केला आहे का?"

"तुम्हीच तर केला ना भाऊ."

"उतरवून ठेवलाय. वेळ भेटला की पाहतो."

परतवाड्याच्या धर्मेंद्रने उत्साहाने लिहिलं, "जबरदस्त गेम! मी आजच पाच जनाइले सांगतला."

"खेळलास?" अंकुरने अधीर होऊन विचारलं.

"नाही गा. तू सांगतला म्हनजे चांगलाच असन."

शनिवारी तो स्वतःच खेळायला बसला. विहीर. म्हातारी. "पहले बाल्टी लाओ, बेटा." त्याने गोठा पाहिला, देऊळ पाहिलं, पाटलाच्या ओसरीवर दोनदा जाऊन आला. तेवढ्यात आईने शिंप्याकडे पाठवलं. परत आला तर म्हातारी तिथेच उभी. मग हारवाला. मग आत्या आली, तिला स्टँडवरून आणणं. संध्याकाळपर्यंत त्याचं पात्र त्या विहिरीभोवती इतक्या वेळा फिरलं की खेळातलं एक कुत्रं त्याच्या मागे फिरू लागलं.

शेवटी त्याने वर्षालीला फोन केला आणि सगळं खरंखरं सांगून टाकलं.

हे वाक्य खोडा. फोन केला एवढं खरं. "हार गुलाबाचे आनू का निशिगंधाचे?" एवढंच त्याने विचारलं, आणि ती गुलाबाचे म्हणाली.

रविवारी अकोल्याला खुशालरावांच्या अंगणात मांडव होता. एका टोकाला खुशालराव, पाय स्टुलावर. दुसऱ्या टोकाला सहदेवराव, पाठ फिरवून. मधे गालिचा आणि रिकामा पाट. पाहुणेही वाटले गेले होते. खेळ फार जणांनी खेळला नव्हता, पण मत सगळ्यांना होतं. दारात पाणी देणारा आल्यागेल्याला विचारत होता, "नावाड्याचं काय केलं?" आणि उत्तराप्रमाणे खुर्ची दाखवत होता. सुभद्राबाईंनी सांगितलं, "आमी पोराकडले हाओ." त्यांना मधे उन्हात बसवण्यात आलं.

मागे आलू-वांग्याच्या भाजीला फोडणी बसली. अंकुरला एरवी तो वास आवडायचा.

"बोला जवाईबुवा," खुशालराव म्हणाले.

अंकुर उभा राहिला. "मामाजी, मोठे बाबा. असं हाय, का निर्नय जो असते, त्याले दोन बाजू असतात. भिकनकडून पाह्यलं त एक. गावाकडून पाह्यलं त..."

"दोन," सहदेवराव पाठमोरेच म्हणाले. "ते समजलं." आणि ते खुर्चीसकट वळले. भाजीचा ठोक भाव ऐकून माल दाबून पाहावा, तसं त्यांनी अंकुरकडे पाहिलं. "मी साधंच विचारतो. नावेपाशी भिकनची बायको तुमाले काय म्हने?"

अंकुरचा जीव भांड्यात पडला. लपवला का, दिला का, असं काही विचारलंच नव्हतं. "रडली, मोठे बाबा."

"रडली?"

"लय रडली. पायच धरले माहे. म्हने, भाऊ, माह्या कुंकवाकडं पाहा."

उजवीकडची एक मावशी पदर डोळ्याला लावू लागली. अंकुरला जोर चढला. "अन् दोन लेकरं होते तिच्या पदराले धरून. लहानच्याले त ताप होता."

खुशालरावांनी प्लास्टरचा पाय हळूच स्टुलावरून खाली घेतला.

"दादा," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "भिकनले बायको होती?"

"नाही रे. सडाफटिंग होता."

"म्हनूनच त लपवला म्या! कोन हाय त्याचं दुनियेत?"

"म्हनूनच त देला म्या! मांगं रडनारं कोनी नाही!"

"अन् हे लेकरं?"

"तापासकट," सहदेवराव म्हणाले.

मग सहदेवरावांनी खुर्ची उचलली, गालिचा ओलांडला आणि ती खुशालरावांच्या खुर्चीला लावून ठेवली. आता चार डोळे एकाच बाजूने अंकुरकडे पाहत होते.

"आमी दोघं सख्खे भाऊ याच्या शब्दावर वैरी झालो," खुशालराव म्हणाले, "अन् या पोट्ट्यानं खेळ खेळलाच नाही!"

"डोयात पानी आलं म्हने!"

"कोनत्या डोयात, ते विचार त्याले!"

"काय बे, किती दूर गेलता तू?" सहदेवरावांनी विचारलं.

"इहिरीपर्यंत," अंकुर म्हणाला.

मांडवात दोन्ही बाजूंनी एकदम हसू फुटलं. अंकुरला ते फार दुरून ऐकू आलं. त्याने रिकाम्या पाटाकडे पाहिलं, मग आईकडे. सुभद्राबाई उन्हातून उठून पिशव्या गोळा करायला लागल्या होत्या.

"दादा, काय कराव मंग? पाठवाचं का वापस याइले?"

सहदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरीले विचार."

वर्षाली दारात उभी होती, हिरव्या साडीत. तिने अंकुरकडे पाहिलंसुद्धा नाही. "करून टाका, मोठे बाबा," ती म्हणाली. "दिसलं नाही का तुमाले? खोटं बोलता येत नाही त्याले. दोन प्रश्नात सापडला."

सहदेवरावांनी यावर बराच विचार केला. खुशालरावांनीही केला. असा जावई बाजारात सहज मिळत नाही, हे दोघांना एकदमच पटलं असावं, कारण दोघेही एकदमच होकाराचं "हाव" म्हणाले.

कुंकू सहदेवरावांनीच लावलं. त्यांच्या पत्नी माणिकबाईंनी ओटी भरली. खुर्च्या सरकल्या, डावे उजव्यांत मिसळले, आणि फोटोवाला अंकुर-वर्षालीला जवळजवळ बसा म्हणून ओरडू लागला.

अंकुर तिच्याकडे सरकला. तो ओठ न हलवता म्हणाला, "तू काय केलं होतं नावाड्याचं?"

"बाबांले सांगतलं, लपवला," वर्षाली म्हणाली. "मोठ्या बाबांले सांगतलं, धरून देला."

"अन् खरं?"

फोटोवाल्याने 'स्माइल' म्हटलं. वर्षाली फार सुंदर हसली.

"ते इचारजो नको," ती हसता हसता म्हणाली. "मी तुह्यासारखी सापडत नाही."