मुलगी होण्याइतका डोस

एक्स-रेवाल्याच्या बॅजचा रिपोर्ट आला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याला मशीनवरून उठवून थेट भांडारात बसवलं. अंगाला किती किरण लागले ते हा छातीवरचा बॅज मोजतो. या महिन्यात त्याने जे मोजलं होतं, ते ऐकून चहावालासुद्धा कप लांबूनच सरकवायला लागला.

"लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले. "पटला नाही तर कायमचं इथेच कापूस मोजत बसायचं."

खुलासा सोपा होता. महिनाभर बॅज शिशाच्या एप्रनला लावलेला राहिला होता, एप्रन मशीनसमोरच्या खुर्चीवर पडून होता आणि हा आपला काचेच्या आड. किरण खाल्ले एप्रनने.

अडचण घरी होती. बापाला किरण लागले की मुलीच होतात, अशी खात्यात सगळ्यांची ठाम समजूत. घरात दोन मुलगे, त्यांनी पंख्याचं पातंही सरळ ठेवलं नव्हतं. बायकोला सातवा महिना. रिपोर्टचं कळताच तिने फ्रॉक आणले.

"अगं, सातव्या महिन्यात आता काय बदलणार?"

"तुम्ही गप्प बसा. बातमी आल्यापासून लाथासुद्धा बेताने मारतेय. खरं सांगून माझं हसं करू नका."

"नोकरीत मला नात देण्याचं एक काम मन लावून केलंस," त्याची आई म्हणाली, "तेही आता नाकारतोस?"

भांडारात त्याला बसवेना की उठवेना. कापूस मोजताना आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तो तडक साहेबांकडे निघाला. साहेब खोलीत नव्हते. चौकशीसाठी म्हणून ते चार दिवस एक्स-रेच्या खोलीतच होते. मशीनच्या अगदी पुढ्यात, एप्रनशिवाय.

त्याने तिथे जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला काहीच लागलं नाही?"

"नाही साहेब."

"मग मुलगी?"

"ती बायकोच्या डोक्यात आहे."

साहेब हळूच बाजूला सरकले, दार लोटलं. "मला तीन मुलगे आहेत हो. मुलगीच होणार असेल तर चौथ्याचा विचार करू, म्हणते बायको. मला वाटलं, तुमच्याइतकं नाही, पण थोडंफार..."

"साहेब, पण तुमचा बॅज? त्यात सगळं येईल ना."

"छे," साहेब म्हणाले, "तो मी टेबलाच्या खणात ठेवलाय. मी काय तुमच्यासारखा निष्काळजी आहे?"