पावण्यांचा वॉल

आळेफाटा मागे पडला आणि रामदास औटींच्या गाडीतला तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मोहितने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारी वडील रामदास होते, मागे नवी साडी सावरत आई उज्ज्वला. तिघे राजुरीहून कळंबला मुलगी पाहायला निघाले होते. पाहायचं खरं तर काही उरलं नव्हतं. महिनाभर मोहित आणि अक्षदा फोनवर बोलत होते, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये एवढंच मोहितला हवं होतं.

"पानी कमी झालं आसंल," रामदास म्हणाले. "सकाळीच बोअरचं वतलंय की मी."

"बोअरचं? आप्पा, कूलंट टाकायला सांगितलं होतं ना!"

"कूलंट म्हंजी रंगवल्यालं पानी. आपल्याला काय होळी खेळायचीय?"

मोहितने बॉनेट उघडलं. पाणी पुरेसं होतं. पंखा फिरत होता. गळती कुठे दिसेना. इंजिन मात्र रसरसलेलं होतं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा पाइप त्याने फडक्याने भीत भीत चाचपला, मग उघड्या हाताने धरला. पाइप गार होता.

"तापलेलं पाणी इंजिनातून बाहेरच पडत नाहीये. रेडिएटर तुंबला असता तर हा पाइप तापला असता. थर्मोस्टॅटचा वॉल अडकलाय. बोअरच्या क्षारांनी चिकटला असणार."

"मग आता?"

"थांबत थांबत जायचं. आणि हीटर फुल लावायचा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येईल."

"आत?" उज्ज्वला म्हणाली. "मे महिन्यात? आरं, तिकडं बघायला चाललोय का शिजायला?"

तेवढ्यात रामदासांचा फोन वाजला. मुलीचे वडील हौशीराम कळंबहून विचारत होते.

"कुठवर आलात, पावणं?"

"नारायनगावच्या अलीकडं हाये. वॉल अडाकलाय वो."

"वॉल? कुनाचा?"

"मोहितच म्हनतोय तसं!" रामदास ओरडले. नेमका तेव्हाच शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला. त्यातून 'मोहितच' एवढंच कळंबला पोचलं आणि तिथे त्याचं 'मोहितचा' झालं.

"आरं द्येवा! कवापासून?"

"आठ दिस झालं, कुरकुर व्हती. चढ आला की धाप लागती. पन म्हनलं, आजचा कार्यक्रम उरकू, मंग निवांत खोलू."

"खोलावंच लागंल?"

"त्याबिगर कळत न्हाई. आमचा गोरख म्हनतो, काढूनच टाकतो. बिगर वॉलचं लई चालत्यात म्हनं."

"ह्ये गोरख डॉक्टर हायेत का?"

"डॉक्टरच म्हना की. हात कायम काळं आसत्यात, पन काम लई सफाईचं!" रामदासांनी गॅरेजवाल्या गोरखचं कौतुक केलं.

हौशीरामांनी फोन ठेवला आणि बायकोला, प्रयागबाईंना म्हणाले, "पोराच्या काळजाचा वॉल गेलाय. काळ्या हाताचा कोन गोरख हाय, तो काढून टाकनारे."

"आन त्याला तसाच बोहल्यावर उभा करनार?"

"लपवीत न्हाईत बिचारे. पन पोरगी आपली हाय."

हीटरसह गाडी कळंबला पोचली तेव्हा मोहितचा चेहरा बिटासारखा झाला होता. छातीला चिकटलेला शर्ट तो दोन बोटांनी सुटा करत होता. हौशीराम धावत आले आणि त्यांनी त्याला दंडाला धरलं.

"सावकाश. पायरी हाय. दमानं घ्या."

बैठकीत पोह्यांच्या बशा आल्या. मोहितपुढची बशी प्रयागबाईंनी हळूच उचलली आणि बिनमिठाच्या ताकाचा पेला ठेवला. मोहितला वाटलं, या घरची रीत असेल. त्याने ताक एका दमात संपवलं, तर दोघे नवरा-बायको त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

हौशीरामांनी घसा साफ केला. "पावणं, राग मानू नका. पोरगी आजून शिकायचं म्हनती."

मोहितने रिकामा पेला खाली ठेवला. काल रात्रीपर्यंत ती तसं काही म्हणाली नव्हती. आपल्या जुन्या गाडीमुळे पाहुणे बिचकले, असा रामदासांचा समज झाला.

"वॉलमुळं म्हनताय व्हय? आवो, न्हाईच जमलं तर ह्ये मोडीत काढू आन दुसरं आनू!"

"दुसरं?" प्रयागबाई भिंतीला टेकल्या. "दुसरं कुठनं आननार?"

"चाकनला शेकंडहँड रग्गड मिळत्यात."

अक्षदा चहा घेऊन आली. ट्रे ठेवताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. "गाडीतून वाफा कसल्या येताहेत?"

"वॉल अडकलाय," मोहित म्हणाला.

"गाडीचा?"

"मग कुणाचा?"

"आमाला वाटलं, तुमच्या काळजाचा!" प्रयागबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग हौशीराम एवढे हसले की त्यांना ठसका लागला. शिक्षणाची गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतली. मोहितपुढे पोहे आले. त्याने पहिला घास घेतला.

"पन मी म्हनते," उज्ज्वलाने हसत हसत विचारलं, "वॉल म्हनल्यावं तुमाला काळीजच कसं आठावलं?"

"आमच्यात व्हतच आसतंय की!" मोकळ्या झालेल्या प्रयागबाईंनी सांगून टाकलं. "ह्यांच्या चुलत्याचा बदाललाय, माझ्या दिराचा बदाललाय. नंदेचं आप्रेशन दिवाळीनंतर धरलंय."

हसू थांबलं. उज्ज्वलाने पर्स उचलून मांडीवर घेतली. रामदास छताकडे बघत म्हणाले, "बरं, मंग आमी घरी जाऊन कळवतो."

मोहितने पोह्यांची बशी खाली ठेवली. अक्षदा जागची हलली नाही.

"माझी तपासणी झालीय, काका. काही निघालं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडं दुखलं की लगेच दाखवतात. तुम्हीच फोनवर म्हणालात, आठ दिवस कुरकुर आहे; तरी बायका-पोरांना त्यात घालून आणलंत. मधेच इंजिन बसलं असतं म्हणजे?"

"अक्षे!" हौशीराम ओरडले.

रामदास खिडकीतून गाडीकडे बघू लागले. मोहितने डोळे बंद केले. संपलं, त्याला वाटलं.

उज्ज्वलाने पर्स पुन्हा खाली ठेवली.

"ह्यांना तोंडावर बोलनारं मानूस मी सत्तावीस वर्सं हुडकतीय," ती प्रयागबाईंना म्हणाली. "साखरपुडा कवा धरायचा, विहीनबाई?"