आक्कांनी घासलेले व्हॉल्व्ह

"डोळ्यांवर पट्टी बांधा, पाठ करून बसवा, हवं तर शेजारच्या खोलीत कोंडा! कोणता व्हॉल्व्ह लावलाय ते मी नुसत्या कानांनी सांगेन!" शुक्रवारी सर असं छातीठोकपणे म्हणाले, तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होतं की शनिवारी सकाळीच त्यांची परीक्षा आहे!

सरांनी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी घरी गाणी ऐकायला ॲम्प्लिफायर बांधला. जुन्या पद्धतीचा, डोक्यावर दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह मिरवणारा. त्यातला एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह. तो काय करतो, हे सर येईल त्या पाहुण्याला न विचारता समजावत.

"घरात येणारी वीज येरझाऱ्या घालते. पुढे-मागे, पुढे-मागे. ॲम्प्लिफायरला मात्र ती एकाच दिशेने जाणारी लागते. हा व्हॉल्व्ह म्हणजे शाळा सुटल्यावर फाटकात उभा राहणारा शिपाई. मुलांना बाहेर सोडतो, परत आत घेत नाही."

"पण गाणं त्या शिपायातून जातं का?" त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, एकदा विचारलं होतं.

"नाही."

"मग शिपाई बदलून गाण्यात काय फरक पडणार?"

"अगं, शिपाई खडूस असला तर मुलं कशी बाहेर पडतात, आणि प्रेमळ असला तर कशी?"

"दोन्ही वेळी पळतच सुटतात," काकू म्हणाल्या. सरांनी तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

सरांकडे दोन रेक्टिफायर होते, बाजारातल्या दुकानातून आणलेले, साधे. तिसरा मात्र खजिना होता! तो त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा. विद्यार्थी आता दातांचा डॉक्टर झाला होता आणि त्याच्याकडे म्हणे फार जुना, फार दुर्मीळ व्हॉल्व्ह होता. सरांनी महिनाभर गळ घातल्यावर त्याने तो कापसात गुंडाळून, जुन्या डबीतून आणून दिला. त्यावरची अक्षरं निम्मी झिजली होती. सरांनी लगेच लावला, ऐकला आणि डॉक्टरला फोन केला.

"काय रे हा व्हॉल्व्ह! जुन्या काळचा गोडवा! आता असं काही मिळणं नाही!"

पलीकडून डॉक्टर म्हणाला, "हो का, सर? मी... मी रविवारीच न्यायला येतो."

बिचाऱ्याचा जीव अडकलाय त्यात, सरांना वाटलं.

आणि शनिवारी सकाळी सर दूध आणायला गेले असताना आक्का कामाला लागल्या. आक्का म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण, चार दिवस राहायला आलेल्या. त्यांना धूळ दिसली की हात शिवशिवतात. सर परतले तेव्हा टॉवेलवर तीन व्हॉल्व्ह पाय वर करून वाळत पडले होते.

"काय कळकट ठेवलं होतंस रे!" आक्का म्हणाल्या. "साबण लावून घासले. वरची अक्षरंबिक्षरं पण काढून टाकली. टोकाचा काळा डाग तेवढा जाईना."

"आक्का, तो डाग आतून असतो!"

"मग आतून कधी घासणार?"

सरांनी तिन्ही व्हॉल्व्ह उचलून पाहिले. तीन लख्ख काचा! एकाच आईची तिळी मुलं! डॉक्टरचा खजिना कोणता आणि बाजारातले कोणते, देव जाणे. रविवारी डॉक्टर दारात उभा राहणार, आणि सोमवारी सरांची दुखरी दाढ त्याच्याच हातात जाणार! आक्कांवर ओरडायची सोय नव्हती. सरांना पाढे त्यांनीच शिकवले होते, आणि तेही कान धरून.

"त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या. "कालच म्हणालात ना, नुसत्या कानांनी सांगेन?"

झालं! सरांनी खडूने तिन्हींच्या बुडावर एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि व्हायोलिनची तबकडी काढली. काकू व्हॉल्व्ह बदलणार, सर डोळे मिटून ऐकणार. आक्का परीक्षक. प्रत्येक वेळी आधीचा व्हॉल्व्ह निवायला दहा मिनिटं थांबायचं, मग नवा तापायची वाट पाहायची, मग तेच व्हायोलिन.

पहिल्या फेरीत सरांनी वहीत लिहिलं : एक, मऊ पण झोपाळू. दोन, भारदस्त, गोड. तीन, स्वच्छ पण कोरडा.

दुसऱ्या फेरीत काकूंनी क्रम बदलला. सरांनी डोळे मिटूनच जाहीर केलं, "हा भारदस्त! हाच दोन!"

"तीन आहे," काकू म्हणाल्या.

"मग तीन जास्त तापला असेल."

"मघाचा वाजवणारा उपाशी होता," आक्का म्हणाल्या. "हा जेवून बसलाय."

"आक्का, वाजवणारा एकच आहे! तबकडी एकच आहे!"

"मग मध्ये जेवला असेल."

दुपारपर्यंत झोपाळू कोरडा झाला, कोरडा गोड झाला आणि काकूंना तिन्हींमध्ये नुसती डोकेदुखी ऐकू येऊ लागली. सरांनी जुनी निरीक्षणं खोडली, नवी लिहिली, मग खोडलेली पुन्हा खरी वाटू लागली. मुलाने असा प्रयोग लिहिला असता तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं! शेवटी संध्याकाळी मतं मोजली. दोन नंबर सगळ्यांना थोडा बरा वाटला. म्हणजे तोच डॉक्टरचा! असायलाच हवा!

रविवारी डॉक्टर आला. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम.

"बस, जायच्या आधी एकदा ऐक," सर मानभावीपणे म्हणाले. मनात हिशोब असा, की ज्याचा व्हॉल्व्ह तो ओळखेलच, आपण नुसती मान डोलवायची.

डॉक्टरने एक ऐकला, दोन ऐकला, तीन ऐकला. "तुम्ही म्हणाल तोच, सर," तो पुटपुटला.

"अरे, तुझा तू ओळख ना!"

"तुमच्यापुढे मी काय ओळखणार!"

"ओळखणार कसा तो?" आक्का मध्येच म्हणाल्या. "मी सगळे घासून ठेवलेत. लख्ख!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. साबण, अक्षरं, खडू, जेवलेला वाजवणारा, सगळं. "चूक माझी," ते म्हणाले. "तुझा अनमोल व्हॉल्व्ह यातला कोणता, मला सांगता येत नाही."

डॉक्टर ताडकन उठला आणि हात मागे बांधून उभा राहिला. गृहपाठ न करता आल्यावर सातवीत उभा राहायचा, अगदी तसा!

"सर, खरा व्हॉल्व्ह गेल्या वर्षीच माझ्या हातून पडून फुटला. तुम्ही इतक्यांदा मागितलात, मला सांगवेना. बाजारातून नवा आणला आणि त्यावरची अक्षरं खरवडून जुन्या डबीत घातला. तुम्ही फोनवर 'जुन्या काळचा गोडवा' म्हणालात, तेव्हा वाटलं, सरांनी चोरी पकडली, टोमणा मारताहेत! दोन दिवस धड जेवलो नाही."

"बाजारातून? कोणत्या दुकानातून?"

"तुमच्याच, सर. दुकानदार म्हणाला, याच खोक्यातले दोन सर घेऊन गेलेत."

काकूंनी शांतपणे वही उचलली आणि "भारदस्त, गोड" मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे तिन्ही एकच!" सरांना एकदम हलकं वाटलं. ते इतके हसले की दाढ ठणकली. डॉक्टरही हसला. "जाऊ दे रे! दोघेही नापास! हा घे तुझा," म्हणत सरांनी टेबलावरचा एक नंबर त्याच्या हातात ठेवला.

डॉक्टरने तो उलटा करून आकडा पाहिला आणि जरा घुटमळला.

"सर, रागावणार नसाल तर... हा थोडा झोपाळू वाटला मला. दोन नंबरचा न्यावा म्हणतो."

"दोन नंबरचा?" सर गरजले आणि झटकन तो उचलून त्यांनी खिशात घातला. "तो माझा आहे!"